सेऊलच्या रस्त्यांवरची हजार मुलं, १६ विमानं आणि त्यांची आठवण जपणारा एक माजी सैनिक

२० डिसेंबर १९५०. सेऊलजवळच्या किम्पो विमानतळावर सकाळपासून अमेरिकी हवाई दलाची सी-५४ जातीची १६ मालवाहू विमानं उभी होती. चीनचं सैन्य दक्षिणेकडे सरकत होतं. सेऊल कधीही पडेल अशी परिस्थिती होती. अशा वेळी प्रत्येक विमानाची गरज दहा ठिकाणी असते. तरीही ही १६ विमानं थांबली होती, कारण त्यांना ज्यांना न्यायचं होतं ते प्रवासी आलेच नव्हते.

प्रवासी होते सेऊलच्या रस्त्यांवरून उचलून आणलेली जवळपास हजार लहान मुलं. आई-वडील युद्धात गेलेली किंवा पळापळीत हरवलेली.

ही मुलं त्या दिवशी वाचली. पण ती कोणी वाचवली, याचं उत्तर जगाला पुढची जवळपास ५० वर्षं अर्धवटच माहीत होतं. ते पूर्ण करण्यासाठी कोरियात लढून आलेल्या जॉर्ज ड्रेक नावाच्या एका माजी सैनिकाने आपल्या निवृत्तीनंतरची वर्षं घालवली.

नेमकं काय घडलं होतं? आणि ड्रेक यांनी काय केलं? सविस्तर समजून घेऊया.

एवढी मुलं पोरकी कशी झाली?

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या सैन्याने दक्षिण कोरियावर हल्ला केला. अवघ्या तीन दिवसांत, म्हणजे २८ जूनला, राजधानी सेऊल पडली. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचं, म्हणजे मुख्यतः अमेरिकेचं सैन्य इंचॉन बंदरात उतरलं आणि महिनाअखेरीस सेऊल परत घेतलं. मग चीन युद्धात उतरला आणि पारडं पुन्हा फिरलं. ४ जानेवारी १९५१ ला सेऊल दुसऱ्यांदा पडलं आणि मार्चमध्ये पुन्हा परत मिळालं.

म्हणजे नऊ महिन्यांत एकाच शहराने चार वेळा हात बदलले. प्रत्येक वेळी गोळीबार, बॉम्बफेक, धरपकड आणि लोकांचं जीव मुठीत धरून पळणं.

या पळण्यात कुटुंबं फुटली. कोणाचे आई-वडील मारले गेले, कोणाचे कैद झाले, कोणाचा गर्दीत हात सुटला. त्यामुळे ‘अनाथ’ म्हणून नोंदलेल्या प्रत्येक मुलाचे आई-वडील मेलेलेच होते असं नाही. काहींचे फक्त सापडले नव्हते. हा फरक लक्षात ठेवा, कारण लेखाच्या शेवटी त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

या युद्धाने सुमारे एक लाख मुलं पोरकी केली, असा अंदाज सर्रास दिला जातो.

ट्रक घेऊन फिरणारा पाद्री

लेफ्टनंट कर्नल रसेल ब्लेझडेल हे अमेरिकेच्या पाचव्या हवाई दलाचे चॅप्लेन होते. चॅप्लेन म्हणजे सैन्यासोबत राहणारा धर्मगुरू. प्रार्थना घेणं, जखमींना धीर देणं, मेलेल्यांचे अंत्यसंस्कार करणं हे त्याचं काम. रस्त्यावरची मुलं उचलणं हे त्यांच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पण १९५० च्या त्या हिवाळ्यात सेऊलमध्ये रोज सकाळी रस्त्यांच्या कडेला मुलं दिसायची. काही भीक मागणारी, काही तापाने फणफणलेली, काही गारठून निपचित पडलेली. ब्लेझडेल आणि त्यांचे सहकारी स्टाफ सार्जंट मर्ल स्ट्रँग यांनी ट्रक घेऊन शहरात फिरायला सुरुवात केली. दिसेल ते मूल उचलायचं आणि शहरातल्या अनाथ मुलांच्या केंद्रात आणायचं. तिथे मुलांना आंघोळ घालायची, तपासायचं, खायला द्यायचं आणि मग वेगवेगळ्या अनाथालयांत पाठवायचं, अशी व्यवस्था होती.

या केंद्रात मुलांना रात्रंदिवस सांभाळणारी माणसं कोरियन होती. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. अमेरिकी लेखनात त्यांची नावं फारशी येत नाहीत.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत केंद्रातल्या मुलांची संख्या हजाराच्या घरात गेली. आणि तेवढ्यात सेऊल सोडण्याचे आदेश आले.

इंचॉनच्या बंदरात अडकलेली मुलं

पाचव्या हवाई दलाचं मुख्यालय दक्षिणेकडे हललं. ब्लेझडेल मात्र मागे थांबले. मुलांना इंचॉन बंदरातून जहाजाने दक्षिणेकडच्या जेजू बेटावर न्यायचं ठरलं होतं. त्यानुसार मुलांना खेपा करून इंचॉनला आणलं गेलं.

पण ठरलेलं जहाज काही मिळालं नाही.

मुलं इंचॉनमध्ये कडाक्याच्या थंडीत दिवसेंदिवस अडकली. बरीच आधीच आजारी होती. त्यात गोवर आणि डांग्या खोकल्याची साथ. काही मुलं तिथेच दगावली.

बंदरात हे चालू असताना ब्लेझडेल सेऊलला परतले आणि विमानं मिळतात का ते बघायला लागले. हवाई दलाच्या मोहिमा पाहणारे कर्नल टी. सी. रॉजर्स यांना त्यांनी गाठलं. रॉजर्स यांनी १६ विमानं द्यायचं कबूल केलं. अट एकच: मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी किम्पोवर हजर पाहिजेत.

आता प्रश्न असा होता की इंचॉनहून किम्पोपर्यंत हजार मुलं आणायची कशी? ब्लेझडेल यांच्याकडे तेवढे ट्रक नव्हते. इंचॉनच्या सिमेंट कारखान्यापाशी त्यांना मरीन दलाचे ट्रक काम करताना दिसले. त्यांनी आपला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा पुढे केला आणि ते ट्रक ताब्यात घेतले. मरीन दलाच्या ट्रकवर हवाई दलाच्या पाद्र्याचा अधिकार चालतो का, हा प्रश्न त्या सकाळी कोणी ताणून धरला नाही.

ठरलेली वेळ टळून गेल्यावर ट्रक किम्पोला पोहोचले. विमानं अजून उभी होती. सुमारे ९५० मुलं आणि ८० कर्मचारी त्यांत बसले आणि जेजूला उतरले. या मोहिमेला पुढे ‘किडी कार एअरलिफ्ट’ असं नाव मिळालं.

दोन आठवड्यांनी सेऊल पडलं.

जेजूवर पोहोचल्यावर काय?

मुलांना उतरवलं म्हणजे काम संपलं असं नव्हतं. एवढ्या मुलांना राहायला छप्पर, पांघरूण, अन्न, औषधं हवी होती.

इथे दोन नावं महत्त्वाची आहेत. पहिलं नाव कर्नल डीन हेस यांचं. हेस हे लढाऊ वैमानिक होते आणि दक्षिण कोरियाच्या नव्या हवाई दलाच्या वैमानिकांना प्रशिक्षण देत होते. जेजूवर मुलांच्या राहण्याची सोय लावण्यात आणि नंतर त्यांच्यासाठी मदत गोळा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दुसरं नाव ह्वांग ऑन-सून या कोरियन समाजसेविकेचं. जेजूवरच्या अनाथालयाची जबाबदारी त्यांनी घेतली.

मग सगळं श्रेय हेस यांना कसं मिळालं?

थोडक्यात उत्तर: चित्रपटामुळे.

हेस यांची स्वतःची गोष्ट विलक्षण होती. ते मुळात धर्मोपदेशक होते आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिक झाले. जर्मनीतल्या कैझरस्लाउटर्न शहरावर त्यांनी टाकलेला एक बॉम्ब चुकून अनाथालयावर पडला आणि ३७ मुलं मेली, हे त्यांना नंतर कळलं. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. ज्या माणसाच्या हातून मुलं मेली, त्यानेच कोरियात मुलांना वाचवलं. चित्रपटासाठी यापेक्षा चांगलं कथानक कुठलं?

१९५६ मध्ये ‘बॅटल हिम’ हे आत्मचरित्र आलं आणि १९५७ मध्ये त्याच नावाचा हॉलिवूडपट. दिग्दर्शक डग्लस सर्क आणि हेस यांच्या भूमिकेत त्या काळचा बडा स्टार रॉक हडसन. चित्रीकरणासाठी कोरियातल्या अनाथालयातून २५ मुलांना अमेरिकेत नेण्यात आलं होतं.

पडद्यावर मुलांना वाचवणारा नायक एकच होता, हेस. विमानं मिळवणारा आणि ट्रक ताब्यात घेणारा पाद्री लोकांच्या लक्षात राहण्याचं काही कारणच उरलं नाही. ह्वांग ऑन-सून यांच्यावर बेतलेली तरुणी चित्रपटात हल्ल्यात मरते. प्रत्यक्षात ह्वांग पुढे कित्येक दशकं मुलांचं काम करत राहिल्या.

हेस यांच्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पुस्तक आणि चित्रपटातून मिळालेले पैसे त्यांनी कोरियातल्या अनाथालयासाठी दिले. मुलांसाठी त्यांनी केलेलं काम खोटं नव्हतं. २०१५ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी ते गेले, तेव्हा कोरियात त्यांना कृतज्ञतेने आठवलं गेलं. प्रश्न होता तो २० डिसेंबरच्या विमानांचा. ते काम दुसऱ्याने केलं होतं आणि तो माणूस याबद्दल वर्षानुवर्षं फारसं बोललाच नाही.

जॉर्ज ड्रेक कोण?

जॉर्ज ड्रेक युद्धाच्या उत्तरार्धात, १९५२-५३ च्या सुमारास, अमेरिकी लष्करातला तरुण सैनिक म्हणून कोरियात होते. त्यांची तुकडी एका अनाथालयाला मदत करायची. मुलांकडे हिवाळ्यात घालायला धड कपडे नाहीत हे पाहून ड्रेक यांनी अमेरिकेत पत्रं धाडायला सुरुवात केली. जुने कपडे पाठवा, जमेल ते पाठवा. पार्सलं यायला लागली.

असं करणारे ते एकटे नव्हते. कोरियात अनेक तुकड्यांनी एकेक अनाथालय जणू दत्तक घेतलं होतं. पगाराच्या दिवशी वर्गणी निघायची. सुतारकाम येणारे सैनिक सुट्टीत छप्परं दुरुस्त करायचे. लष्करी डॉक्टर मुलांना तपासायचे. नाताळच्या मेजवानीला मुलं छावणीत यायची.

युद्ध संपलं. ड्रेक घरी परतले, समाजशास्त्र शिकले आणि वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम शहरात वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. निवृत्तीनंतर ते पुन्हा या विषयाकडे वळले. आणि त्यांच्या लक्षात आलं की कोरियन युद्धाच्या इतिहासात या मुलांना जवळपास जागाच नाही. लढाया आहेत, सेनापती आहेत, नकाशे आहेत. मुलं नाहीत.

मग त्यांनी संशोधक जसं काम करतो तसं काम सुरू केलं. ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या लष्करी दैनिकाचे जुने अंक चाळले. अमेरिकेतल्या गावोगावच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या शोधल्या. माजी सैनिकांना गाठून त्यांच्याकडचे फोटो आणि पत्रं मागवली. हे साहित्य त्यांनी सर्वांसाठी खुलं केलं आणि सैनिक व मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन तयार केलं.

ड्रेक यांच्या हिशेबानुसार अमेरिकी सैनिकांनी या युद्धात १० हजारांहून अधिक मुलांचे जीव वाचवले आणि अनाथालयांतल्या ५० हजारांहून अधिक मुलांना जगायला हातभार लावला.

चुकलेलं नाव दुरुस्त झालं

हे साहित्य गोळा करताना ड्रेक ब्लेझडेल यांच्यापर्यंत पोहोचले. २० डिसेंबरची घटना कागदपत्रांच्या आणि साक्षींच्या आधारे पुन्हा मांडली गेली. चित्रपटाने सांगितलेली गोष्ट अपुरी आहे, असं ड्रेक यांनी जाहीरपणे लिहिलं.

जानेवारी २००१ मध्ये ब्लेझडेल कोरियाला गेले. तेव्हा ते ९० वर्षांचे होते. त्यांना भेटायला आलेली ‘मुलं’ स्वतः साठीला टेकली होती किंवा त्याच्या आसपास होती. सेऊलच्या क्यूंग ही विद्यापीठाने ब्लेझडेल यांना मानद पदवी दिली. २००७ मध्ये त्यांचं निधन झालं. ग्वांगजू शहरातल्या एका अनाथालयात आज त्यांचा पुतळा आहे.

मुलं विमानात बसली त्याला तेव्हा अर्धशतक उलटलं होतं. एखाद्याने जुने कागद उघडायचे कष्ट घेतले नसते, तर ही भेट झाली असती का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

बेलिंगहॅमचं स्मारक

ड्रेक यांचं दुसरं मोठं काम म्हणजे स्मारक. बेलिंगहॅममधल्या बिग रॉक गार्डन या सार्वजनिक उद्यानात कोरियन युद्धातल्या मुलांचं स्मारक उभं राहिलं. २००३ मध्ये, म्हणजे युद्धविरामाला ५० वर्षं झाली तेव्हा, ते लोकार्पण झालं. कोरियन पद्धतीचा एक मंडप असं त्याचं रूप आहे.

युद्धस्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक, तोफ किंवा शहिदांच्या नावांची भिंत येते. इथे तसं नाही. ज्या सैनिकांनी मुलांना जगवलं त्यांची इथे आठवण आहेच, पण जी मुलं वाचली नाहीत त्यांचीही आहे. इंचॉनमध्ये जहाजाची वाट पाहताना गेलेल्या मुलांसारखी. त्यांच्या नावाने बातमी आली नाही, चित्रपट तर दूरच.

भारतीय तेव्हा कुठे होते?

कोरियन युद्धाशी आपलाही संबंध आहे. भारताने लढाऊ सैन्य पाठवलं नाही, पण लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवलं. नोव्हेंबर १९५० मध्ये ते कोरियात उतरलं. डिसेंबरमधल्या माघारीत प्याँगयांग सोडताना या पथकाने आपली वैद्यकीय सामग्री टाकून द्यायला नकार दिला. एक वाफेचं इंजिन मिळवलं आणि सामान गाडीत भरून सेऊलकडे आणलं. हा तोच डिसेंबर, ज्या महिन्यात ब्लेझडेल मुलं गोळा करत होते. पथकाच्या एका तुकडीने देगू शहरात रुग्णसेवा केली आणि तिथे सामान्य कोरियन नागरिकांवरही उपचार केले.

२७ जुलै १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायची जबाबदारी भारतीय सैन्यावर आली. त्या सैन्याचे प्रमुख होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

या आठवणीची दुसरी बाजू

सैनिकाच्या कडेवर हसणारं मूल, हा फोटो कोणालाही आवडतो. पण तो एकटाच पाहिला तर दोन गोष्टी निसटतात.

पहिली गोष्ट, या मुलांना पोरकं करणाऱ्या बॉम्बमधले बरेच बॉम्ब याच सैन्याच्या विमानांतून पडले होते. उत्तर कोरियाची शहरं अमेरिकी हवाई हल्ल्यांत बेचिराख झाली आणि दक्षिणेतलेही अनेक नागरिक त्यांत मेले. एका सैनिकाने दिलेलं पांघरूण खरं आहे आणि दुसऱ्याने टाकलेला बॉम्बही खरा आहे. हेस यांच्या बाबतीत तर दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात घडलं.

दुसरी गोष्ट पुढच्या काळातली. १९५५ मध्ये हॅरी आणि बर्था होल्ट या अमेरिकी दांपत्याने कोरियातली आठ मुलं दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकी संसदेने खास कायदा केला. तिथून परदेशी दत्तक देण्याची जी व्यवस्था उभी राहिली, ती युद्ध संपल्यावरही थांबली नाही. गेल्या सात दशकांत सुमारे दोन लाख कोरियन मुलं परदेशात दत्तक गेली.

आणि इथे सुरुवातीला सांगितलेला तो फरक पुन्हा समोर येतो. आई-वडील मेलेलं मूल आणि आई-वडील न सापडलेलं मूल. युद्धाच्या धामधुमीत हा फरक करता आला नाही, हे समजू शकतं. पण नंतरच्या दशकांत आई-वडील जिवंत असलेल्या अनेक मुलांना कागदोपत्री ‘अनाथ’ दाखवून बाहेर पाठवलं गेलं. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आणि सलोखा आयोगाने ही गोष्ट मान्य केली. ३६७ जणांनी तक्रारी केल्या होत्या. त्यांपैकी ५६ जणांच्या मानवी हक्कांचं उल्लंघन झालं, असं आयोगाने त्या वेळी जाहीर केलं आणि सरकारलाही जबाबदार धरलं.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेली ही माणसं सेऊलला येऊन जुन्या फायली उघडतात. आईचं नाव शोधतात. जन्मतारीख खरी की खोटी ते तपासतात. काहींच्या हाती दुसऱ्याच मुलाचे कागद लागतात.

मग ड्रेक यांचं काम महत्त्वाचं का?

कारण पोरकं मूल वाचवताना त्याला अन्न आणि छप्पर लागतं, हे सगळ्यांना कळतं. त्याचा कागदही नीट लिहून ठेवायला लागतो, हे पटकन कळत नाही. मूल कुठे सापडलं, कोणी आणलं, कोणत्या अनाथालयात ठेवलं, फोटो कधी काढला. ज्याला सांगायला आई-वडील नाहीत, त्याच्याकडे स्वतःच्या बालपणाचा एवढाच पुरावा असतो.

ब्लेझडेल आणि त्यांच्यासोबतच्या कोरियन कर्मचाऱ्यांनी मुलं वाचवली. ड्रेक यांनी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्या मुलांच्या बातम्या, फोटो आणि नावं गोळा केली. पहिल्या कामाला विमानं लागली. दुसऱ्याला एक निवृत्त प्राध्यापक, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि अनेक वर्षं.

गाझा, सुदान, युक्रेन. आजही रोज आपल्या फोनवर ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्या मुलांचे व्हिडिओ येतात. आपण हळहळतो आणि शेअर करतो. पुढच्या वेळी शेअर करण्याआधी एवढं बघा: त्या व्हिडिओसोबत ठिकाण आणि तारीख आहे का? पाठवणारा खात्रीचा आहे का? चुकीच्या गावाच्या नावाने फिरणारा फोटो त्या मुलाच्या काहीच उपयोगाचा नसतो. बरोबर नोंद असलेला फोटो मात्र आणखी ५० वर्षांनी कोणीतरी शोधत येऊ शकतं. कदाचित ते मूलच.